भित्र्या माणसाची निवडणूक

धुळातात्या कशाकशाला घाबरायचे ते मी सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. कशाला घाबरायचे नाहीत, ते सांगणं सोपं. मेंढरांना घाबरायचे नाहीत. संपलं. बाकी वीज, टेलिफोन, डॉक्टरची सुई, साहेबाचा शिक्का, अनोळखी कुत्री आणि ओळखीचीही कुत्री, या सगळ्यांना ते मनापासून घाबरत. आणि लपवत नसत. आपल्याकडे पुरुषमाणूस घाबरला की आवाज चढवतो. तात्या घाबरले की सरळ म्हणत, "बाई, मला भ्या वाटतंय. तुमी जरा पुढं व्हा."

बाई म्हणजे मी. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्यावर उतरून आत बरंच गेलं की कालव्याच्या अंगाला एक वाडी लागते. तिथल्या हायस्कुलात मी नव्वद सालानंतर लगेचच विज्ञान आणि गणित शिकवायला लागले. सकाळची एसटी फाट्यावर सोडायची. तिथल्या टपरीमागे माझी सायकल ठेवलेली असे, ती दामटत उसाच्या भिंतींमधून शाळेत. पहिल्याच दिवशी कालव्याच्या कडेला एक उंच, वाळकुडा म्हातारा दिसला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मला वाटलं, शाळेचा शिपाई असेल. मी म्हटलं, "अहो, जरा सायकल धरता का?" त्यांनी निमूट धरली. दुपारी मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "हे धुळातात्या. आपल्या शिक्षण मंडळाचे संचालक." मी जीभ चावली. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. मला बी तुमची भीतीच वाटली व्हती, म्हनून धरली."

शाळा चालवणारं ते मंडळ आमच्या पंचक्रोशीपुरतंच होतं. सात संचालक, त्यातली एक जागा वाडीची. शाळा सुरू झाली तेव्हा प्रत्येक घराने एक पोतं ज्वारी दिली होती आणि पोतं देणारा प्रत्येक जण मंडळाचा सभासद झाला होता. तात्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. पाऊस संपला की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात हिंडायचं, उन्हाळा संपता संपता परत यायचं. कालव्याचं पाणी जमिनीला आलं तशी तात्यांनी मेंढरं विकली आणि ते ऊस-कांदा करायला लागले. "रानात कदी भ्या न्हाय वाटलं," ते सांगत. "भ्या वाटाया लागलं ते मानसांत ऱ्हायला लागल्यावर."

असा माणूस संचालक झाला कसा? तर पहिल्या निवडणुकीच्या वेळी वाडीत दोन तट होते आणि कुणाशीच भांडणार नाही असा एकच मनुष्य सापडला. तात्यांना उभं केलं, बिनविरोध निवडून आणलं आणि सगळे निश्चिंत झाले. कागद पुढे सरकवायचा, सही घ्यायची, चहा पाजायचा, एवढंच काम.

पण सही इतकी सोपी नव्हती. तात्यांना सही येत होती, मोठी, वळणदार, पटक्यासारखी गुंडाळलेली. ती करण्याआधी ते दरवेळी पेन वर धरून विचारत, "ह्यानं कुनाचं काय वाईट तर न्हाय ना व्हनार?" खडूचे खोके घ्यायचे असोत की गॅदरिंगचा मांडव, प्रश्न हाच. कुणीतरी "नाही हो तात्या" म्हणेपर्यंत पेन खाली येत नसे. प्रयोगशाळेसाठी ॲसिड मागवायचं होतं तेव्हा तर मीच अडकले. ॲसिडने काही वाईट होणार नाही असं विज्ञानाच्या बाईने कसं सांगायचं? मी म्हटलं, "जपून वापरू." तात्या म्हणाले, "मंग सही बी जपूनच करतो." आणि बाटल्या आल्या त्या दिवशी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर दिवसभर बसून राहिले. आत यायची छाती नव्हती.

एकदा त्यांना सातवीच्या वर्गाच्या भिंतीत भेग दिसली. भेग कसली, गिलाव्याची केसाएवढी रेघ. तात्यांनी घोषा लावला की भिंत पडणार. मुख्याध्यापकांनी समजावलं, गवंड्याने समजावलं. काही उपयोग नाही. अख्खा पावसाळा सातवीचा वर्ग व्हरांड्यात भरला, झडीच्या बाजूला तात्या घोंगडं पसरून उभे. ती भिंत अजून उभी आहे. बहुतेक मला पुरून उरेल. तात्यांना याची लाज वगैरे काही वाटली नाही. "पडली न्हाय त्ये चांगलंच झालं की," म्हणाले.

मला त्यांचं हे घाबरणं आधी हसण्यावारी नेण्यासारखं वाटे. मग एकदा कालव्याला पाणी सुटलं आणि हे घाबरणं कशासाठी आहे ते मला दिसलं. वाडी कालव्याच्या एका तीराला, शाळा दुसऱ्या. मध्ये जुना अरुंद पूल, त्याला कठडा नाही. पाणी सुटलेलं असे तेवढे दिवस तात्या सकाळ-संध्याकाळ पुलावर हजर. शेवटचं पोर पलीकडे गेल्याशिवाय हलायचे नाहीत. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, आणि वाहतं पाणी बघून त्यांना घेरी यायची. म्हणून पूल ओलांडताना ते आपल्या नातीचा, रूपालीचा हात धरत आणि नजर आभाळाकडे लावत. कोण कुणाला नेतंय हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. रूपाली तेव्हा आठवीत होती. म्हणायची, "आजा, झालं. आता डोळं खाली घ्या."

मी एकदा विचारलं, "तात्या, इतकं भ्यायचं तर ही संचालकी कशाला हवी?"

ते घोंगडं नीट करत बसले. मग म्हणाले, "माजी लेक लई हुशार व्हती, बाई. चौथीपत्तुर वाडीत शिकली. फुडची शाळा लांब. गुरुजी घरी आलं, म्हनलं धाडा. मला भ्या वाटलं. ऊस, रस्ता, गाड्या, मानसं. न्हाय धाडली. तिचं पोर मांडीवर आलं तवा ती इतकुशी व्हती." त्यांनी हाताने उंची दाखवली. ती उंची माझ्या नववीतल्या मुलींची होती. "तिनं कदी बोल न्हाय लावला. पर माज्या भित्रेपनानं तिचं वाटुळं झालं. म्हनून म्हंतो, शाळा भित्र्या बापाच्या घराजवळ पायजे. धीराचे बाप काय, कुटं बी धाडत्यात."

शिक्षणावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. त्यातलं एकही मला आठवत नाही. हे वाक्य आठवतं.

पुढच्या निवडणुकीत ही शाळाच पणाला लागली. जालिंदर वाडीचाच. वयाने तात्यांच्या मुलाएवढा, पण पसारा मोठा. कारखान्याला ऊस वाहणारे ट्रॅक्टर त्याचे, जीप त्याची, आणि फाट्यावर हमरस्त्याला लागून जमीनही त्याची. त्याने मंडळापुढे प्रस्ताव आणला की शाळा वाडीतून उचलून फाट्यावर न्यावी, जागा तो देईल. शाळा आली की भोवती दुकानं येणार, बाकीच्या जमिनीला सोन्याचा भाव येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. संचालक तीन इकडे, तीन तिकडे. सातवे तात्या. पेन वर धरून त्यांनी आपला प्रश्न विचारला आणि या खेपेला कुणी "नाही हो तात्या" म्हटलं नाही. प्रस्ताव पडला. मग जालिंदरने ठरवलं, संचालकच बदलायचा. मुदत संपतच आली होती. वाडीच्या जागेवर त्याने तात्यांविरुद्ध स्वतःचा अर्ज भरला.

खरं सांगायचं तर शाळा फाट्यावर गेली असती तर माझी सायकल वाचली असती. पण वाडीतल्या मुली आल्या नसत्या. हे मला माहीत होतं, त्यांच्या आयांना माहीत होतं. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून ट्रॅक्टर, आणि तेवढा लांबचा रस्ता. एकेक करून सगळ्या घरी बसल्या असत्या.

जालिंदर कधी वाईट बोलत नसे. त्याची भीती वाटायची ती त्यामुळेच. त्याने ऐन तोडणीच्या हंगामात, एका रविवारी, वाडीतल्या सगळ्या सभासदांना बिरोबाच्या देवळात मटणाच्या जेवणाला बोलावलं आणि जेवायच्या आधी 'मत जालिंदरलाच' म्हणून भंडारा उचलायला लावला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. भंडारा म्हणजे देवापुढची हळद. तिची चिमूट उचलून कपाळाला लावायची आणि शब्द द्यायचा. हा शब्द कोर्टातल्या शपथेपेक्षा भारी. कोर्टात खोटं बोलून माणसं घरी येतात आणि जेवतात. भंडारा उचलून शब्द मोडला तर घरात काहीतरी होतंच, ही तिथली पक्की समजूत. जनावर मरतं, पोर आजारी पडतं, कर्ता माणूस उठून जातो.

हे मला गजराबाईने सांगितलं. ती वाडीचीच, पण तिचं घर कालव्याच्या अलीकडे, शाळेला लागून, दुपारचा डबा मी तिच्या ओसरीवर खायची. नवऱ्यामागे सभासदत्व तिच्या नावावर आलेलं.

"मी बी उचलला, बाई," ती ज्वारी पाखडत म्हणाली. सूप थांबलं नाही, पण तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "माजा एवढासा ऊस उबा हाय. त्याचा ट्रॅक्टर न्हाय आला तर जाग्याव वाळंल. समद्यांनी उचलला."

"आणि तात्या?"

"त्ये आलं न्हाय. भ्यालं असत्याल."

भ्यालेच होते. दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी घेत होते आणि शाळेच्या फाटकात जीप थांबली. मागच्या दाराने रूपाली उतरली. खुशीत होती, हातात पेढ्यांचा पुडा. पाठोपाठ तात्या पुलावरून येताना दिसले. नात रोजच्या जागी भेटली नाही म्हणून धावत आले असावेत, पटका सुटून गळ्यात आला होता. जालिंदर जीपमधून उतरला आणि त्याने तात्यांना वाकून नमस्कार केला.

"तात्या, पोरगी एकटीच चालली व्हती. म्हनलं सोडू," तो हसून म्हणाला. "रोजच सोडत जाऊ का? तुमच्यामागं आता धावपळ लई."

एवढंच. जीप गेली. तात्या फाटकाच्या दगडावर बसले. काठी दगडावर टकटक वाजत होती. रूपालीने त्यांच्यापुढे पेढा धरला. त्यांनी पुडा तिच्या हातातून घेतला आणि कुठे ठेवावा ते न कळून घोंगड्यात गुंडाळला.

मी खिडकीपासून वळून फळ्याकडे गेले, पण गणित माझ्याच्याने शिकवलं गेलं नाही. मुख्याध्यापक दारात येऊन हळूच म्हणाले, "बाई, आपण नोकरदार माणसं. खिडकीतून बघायचंसुद्धा नाही."

मधल्या सुट्टीत तात्या माझ्याकडे आले. "अर्ज माघारी घ्यायचाय. लिवून द्या," म्हणाले. माघारीचा तो शेवटचा दिवस होता. मी समजावलं नाही. कोणत्या तोंडाने समजावणार? चार ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या, कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पेन घेतलं. सवयीने वर धरलं. सवयीनेच विचारलं, "ह्यानं कुनाचं काय वाईट तर न्हाय ना व्हनार?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर मुली लंगडी खेळत होत्या.

घंटा झाली. तात्यांनी पेन माझ्या टेबलावर ठेवलं, टोपण लावून, अगदी हळू. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले. आणि तिथेच खुर्चीत, माझ्यासमोर, लहान पोरासारखे रडले. "लई भ्या वाटतंय वो बाई. लई."

दुसऱ्या दिवशी मी गजराबाईच्या ओसरीवर डबा उघडला होता तेव्हा ते आले. डोक्याला पटका नव्हता. त्यांचं बोडकं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं, कपाळाच्या वर गोरं, खाली काळं. धनगराच्या घरातला वडीलधारा माणूस उघड्या डोक्याने दुसऱ्याच्या दारात उभा राहतो तो मयताला, नाहीतर भीक मागायला. गजराबाई सूप टाकून उठली. तात्यांच्या हातात वाटी होती, वाटीत भंडारा.

"गजरे, तू त्या दिवशी जो उचलला, तो माज्या कपाळाला लाव," तात्या म्हणाले. "तुजा शब्द माज्यावर घेतो. तू तुज्या मनाला यील तितं मत दे. शब्द मोडल्याचं जे काय यायचं त्ये माज्यावर यील."

गजराबाई मागे सरली. "तात्या, येड लागलंय का? असं कुटं असतंय?"

"बिरोबाच्या भगताला इच्यारलं मी."

"मंग? काय म्हनला भगत?"

"म्हनला, आजपत्तुर असं कुनी केल्यालं ऐकलं न्हाय. देवाला चालतंय का न्हाय, त्ये देवच दावील."

"आन् न्हाय चाललं तर?"

वाटीतली हळद तात्यांच्या पायावर सांडत होती. "तर दोगांवर यील," ते म्हणाले. तेही त्यांनी लपवलं नाही. दुसरा कुणी उमेदवार असता तर म्हणाला असता, काही होत नाही, अंधश्रद्धा आहे. मीही तेच म्हणाले असते, कारण माझा तसा विश्वासच आहे. पण तात्यांचा देव खरा होता, त्याचा कोप खरा होता, आणि ते त्या कोपाखाली स्वतःचं उघडं डोकं घेऊन उभे होते.

गजराबाईने चिमूट घेतली. तिची बोटं कपाळापाशी जाऊन थांबली, परत आली, पुन्हा गेली. लावता लावता ती हुंदका देऊन म्हणाली, "देवा, म्हाताऱ्याला संबाळ रं."

असे ते वाडीत दारोदार फिरले. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. काहींनी दार लावून घेतलं. एकाने शिव्या दिल्या. पुष्कळांनी लावला. संध्याकाळी शाळा सुटताना पाहिलं तर कपाळ पिवळंधमक झालं होतं, थरावर थर, भुवयांत, पापण्यांवर हळद. एरवी तात्या दिसले की गलका करणारी पोरं काठाकाठाने निघून गेली.

घरी सोनाकाकूंनी, त्यांच्या बायकोने, उंबऱ्यातच अडवलं. हे मला रूपालीने सांगितलं. काकू म्हणाल्या, "घरात लेकरं हायती. दुसऱ्याची पापं गोळा करून आनलीसा, त्येंचा इचार केला का?" तात्या म्हणाले, "मी देवाला सांगितलंय, माज्या एकट्यावर." काकू म्हणाल्या, "देव काय तुमचा चाकर हाय?" त्या रात्रीपासून मतदान होईपर्यंत तात्या गोठ्यात झोपले. येणार असेल ते घरावरून न जाता आपल्यावर यावं म्हणून.

मतदानाच्या आदल्या दिवशी जालिंदर शाळेत आला. तात्या फाटकाच्या दगडावर बसलेले. माझा वर्ग अगदी शेजारी, खिडकी उघडी. मी मुलांना उदाहरण घालून दिलं आणि खिडकीपाशी उभी राहिले. नोकरदार माणूस असूनही.

"तात्या, कपाळ धुवा त्ये," जालिंदर म्हणाला.

"धुतो की. मतदान झाल्यावं."

"देवाशी असा ख्योळ बरा न्हाय."

"म्या कुटं ख्योळतोय? मी तर भ्यालोय. तुला न्हाय का भ्या वाटत, जालिंदर?"

जालिंदर त्यांच्या कपाळाकडे बघत नव्हता. जीपच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करत होता. "भगत काय म्हनला?" त्याने आवाज खाली आणून विचारलं. "ज्यानं उचलाया लावला, त्येच्यावर बी येतं का?"

"त्ये मी इच्यारलं न्हाय, बाबा," तात्या म्हणाले. "इच्यारू का तुज्यासाटी?"

यात टोमणा नव्हता, शपथेवर सांगते. ते खरंच विचारून आले असते. जालिंदर जीपमध्ये बसला. जीप दोनदा बंद पडली, मग निघाली. त्या दिवसानंतर रूपालीच्या वाटेवर ती कधी दिसली नाही. आणि खरी गोष्ट अशी की पुढे गजराबाईच्या उसाला ट्रॅक्टरही आला, जरा उशिरा, पण आला.

तात्या निवडून आले. थोडक्यात, पण आले. पोरांनी गुलाल आणला तेव्हा ते दोन्ही हातांनी कपाळ झाकून मागे सरकले. "हितं जागा न्हाय रं बाबांनो," म्हणाले. मग कालव्यावर जाऊन त्यांनी कपाळ धुतलं. शाळा वाडीत राहिली, आणि आजही तिथेच आहे.

कथा असती तर इथे संपली असती. पण तात्या शिक्षेची वाट बघायला लागले. म्हैस आटली, तर "हे त्येच का?" थोरल्या पोराला ताप आला, तर अंगणात उभं राहून आभाळाला हात जोडून, "माज्या एकट्याव म्हनलं व्हतं की रं!" एकदा उसाचं वाळकं पाचट काढताना त्यांना विंचू डसला. भलताच डसला. पाय सुजून भोपळा झाला, आणि हा माणूस दवाखान्यातून परत येताना बैलगाडीतून लोकांना सांगत सुटला, "आलं! आलं एकदाचं! फिटलं!" दोन दिवस इतके आनंदात होते की सोनाकाकूंनी गोडाधोडाचं केलं. तिसऱ्या दिवशी पुलावर भेटले तर चेहरा पुन्हा पडलेला. "बाई, एवढी मानसं, आन् एक इच्चू. एवढ्यावं कसं भागंल?"

मी विज्ञान शिकवते. मी त्यांना पुष्कळ सांगितलं की असं काही नसतं. ते मान डोलवत आणि म्हणत, "तुमचं बी बरूबर हाय." पण एकदा पाणी सुटलेलं असताना सकाळी ते पुलावर दिसले नाहीत, तर मी सायकल तशीच टाकून वाडीत पळत गेले होते. ते सर्दी होऊन पडले होते. माझ्या धापा ऐकून म्हणाले, "तुमी बी?"

त्यांना शेवटचं पाहिलं तो दिवस जूनचा. रूपाली दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि बारामतीला कॉलेजात नाव घातलं होतं, रोज जाऊन-येऊन. मला दुसऱ्या गावच्या शाळेत नोकरी मिळाली होती, सामानसुमान न्यायला मी शाळेत येऊन परत निघाले होते. फाट्यावर एसटी उभी. रूपाली खिडकीशी बसलेली, नवी पिशवी मांडीवर. बाहेर तात्या. खिडकीचा गज त्यांनी मुठीत धरलेला. मी चढताना त्यांनी मला थांबवलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, देवानं हीच येळ तर धरून ठिवली नसंल ना?"

मी म्हटलं, "मी आहे ना बसमध्ये." किती खुळं बोलले ते आत चढल्यावर कळलं.

कंडक्टरने घंटी मारली. "ओ आजोबा, गज सोडा."

"सोडतो, सोडतो," तात्या म्हणाले आणि मूठ अधिकच आवळली.

"आजा," रूपाली आतून म्हणाली, "जाऊ द्या की मला."

बस हलली. तात्या गज धरून चार पावलं बरोबर चालले, मग जरा धावले. कंडक्टर ओरडला. तात्यांनी गज सोडला, आणि सोडल्या हाताने बसच्या पत्र्यावर जोरात थाप मारली, निघ म्हणून सांगतात तशी.

मी मागच्या काचेतून पाहिलं. फाट्यावरची इतर माणसं बसकडे बघत होती. तात्या बसकडे बघत नव्हते. रस्त्याच्या मधोमध उभे राहून, पटका काढून काखेत धरून, ते आभाळावर नजर ठेवून होते.